बाळंतिणीची पिशवी: आधी कागद, मग कपडे

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात बाळंतपणासाठी जाता येईल अशी दोन जुनी सरकारी रुग्णालयं आहेत. एक बाऊरिंग आणि लेडी कर्झन रुग्णालय, दुसरं घोषा रुग्णालय. पडदा पाळणाऱ्या बायकांना आडोशात, मोकळेपणानं उपचार घेता यावेत म्हणून व्यापारी हाजी सर इस्माईल सेठ यांच्या देणगीतून घोषा उभं राहिलं. कामानिमित्त या शहरात स्थायिक झालेल्या मराठी घरांतही आठवा महिना सरत आला की तोच प्रश्न निघतो: दवाखान्याच्या पिशवीत काय काय भरायचं?

दुकानं उत्साहानं लांबलचक याद्या देतात. पण ही पिशवी साधारण दोन दिवसांची असते. सरळ बाळंतपणानंतर आई आणि बाळ किमान ४८ तास रुग्णालयात राहावेत, अशी सरकारी आरोग्यसेवेची शिफारस आहे. सिझेरियन झालं तर मुक्काम वाढतो, आणि वाढीव सामान घरून मागवता येतं. पिशवी मात्र छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत भरून दाराशी ठेवावी. पाणी गेलं की शोधाशोध करायला वेळ उरत नाही.

मराठी घरांना ही तयारी नवी नाही. झबली, टोपरी, कुंची, दुपटी असा बाळंतविडा करण्याची चाल जुनी आहे. काही घरांत मूल जन्मण्याआधी नवं काही आणायचं नाही असाही दंडक असतो. त्यांची अडचण सोडवणं सोपं आहे: आजीच्या धुवट सुती साडीची दुपटी आणि लंगोट बाळाला पहिल्या दिवशी कुठल्याही नव्या कापडापेक्षा बरे. अट एकच, ते साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवलेले हवेत. नवं सुती कापड हवंच असेल तर कमर्शियल स्ट्रीटलगतच्या इब्राहिम साहेब स्ट्रीटवर ते मापानं मिळतं. तेही एकदा धुऊनच भरावं.

बाळाच्या कपड्यांत टोपडं आणि पायमोजे सगळ्यात महत्त्वाचे. पोटात ३७ अंशांच्या ऊबेत वाढलेलं ओलं बाळ बाहेर येताच भराभर थंड पडू लागतं, आणि अंगाच्या मानानं मोठ्या डोक्यातून बरीच ऊब निघून जाते. म्हणून जन्मताच त्याला कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि वरून पांघरूण घालतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बेंगळुरूत पावसाळी रात्री गार असतात, तेव्हा एक जाडसर दुपटं जास्तीचं असू द्यावं. पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बाळाचा साबण, पावडर, तेल यांचं ओझं लगेच कमी झालं.

मध, बाळघुटी, दुधाची बाटली, काजळ या वस्तू घरीच राहू द्याव्यात. पहिल्या तासात पाजलेलं चिकाचं दूध बाळाला पुरतं आणि रोगांपासून जपतं. मधातून तर तान्ह्या बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते. बाटल्या आणि डब्यातल्या बाळदुधाच्या जाहिरातीला देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. तरीही हौसेनं बाटली भरणारी माणसं भेटतात, कारण दूध उतरेल की नाही ही धास्ती आईपेक्षा घरच्यांना अधिक असते.

आईसाठी दोन-तीन पुढून उघडणारे गाऊन, सुती आतले कपडे, मोठे पॅड, चपला, टॉवेल, ताट-पेला, पाण्याची बाटली. पॅड सढळ हातानं घ्यावेत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव पाळीपेक्षा बराच जास्त असतो, आणि किती पॅड भिजले यावरून धोका लवकर ओळखता येतो. दागिने मात्र नकोत.

गरीब घरांची ही पिशवी सरकारनंही भरून पाहिली. कर्नाटकात २००७ मध्ये ‘मडिलु’ योजना सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांत सरकारी रुग्णालयातून १९ वस्तूंचा संच मिळायचा. त्यात मच्छरदाणी, चादर, साबण, बाळाचं स्वेटर-टोपडं असं सगळं होतं. फिनलंडनं अशी पेटी १९३८ मध्ये गरीब मातांसाठी सुरू केली आणि १९४९ पासून सर्वांना देऊ केली. ती हवी असेल तर चौथा महिना पूर्ण होण्याआधी तपासणी करून घेण्याची अट होती. अट फार शहाणी होती, कारण पेटीच्या निमित्तानं बायका डॉक्टरांपर्यंत पोचल्या. आपल्याकडेही असे संच द्यायला हवेत, आणि ते वेळेवर द्यायला हवेत. पण संच मिळेल या भरवशावर कुणी रिकाम्या हातानं जाऊ नये.

या सगळ्याच्या वर, एका प्लॅस्टिकच्या पाकिटात कागद. कर्नाटकातलं ‘तायी कार्ड’ किंवा महाराष्ट्रात नोंदणी झाली असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे आणि रक्ताचे अहवाल, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक. पहिली तपासणी पुण्याला आणि बाळंतपण बेंगळुरूला, असं मराठी घरांत वारंवार घडतं. अशा वेळी पुढच्या डॉक्टरला मागचं सगळं त्या कार्डावरूनच कळतं. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर तो सगळ्यात वरच्या कागदावर ठळक हवा. बाळ आरएच पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं.

हे पाकीट नवऱ्याच्या खिशात ठेवू नये. प्रसूतीकक्षात पुरुषांना बहुधा सोडत नाहीत, आणि नेमका कागद मागितला जातो तेव्हा नवरा बाहेर चहाच्या टपरीवर असतो. सोबत राहणाऱ्या आईकडे, सासूकडे किंवा जावेकडे ते द्यावं. २०१७ पासूनच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमानं कळांच्या वेळी सोबतीची बाई असावी याला मान्यता दिली आहे. ती कोण, हे पिशवी भरतानाच ठरवावं. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, जेवण आणि घरी परतण्याची गाडी विनामूल्य आहे, हेही तिला ठाऊक असावं.

रुग्णालय सोडण्याआधी सोबतीच्या बाईनं आणखी एक काम करावं: जन्मनोंदीतल्या आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग आधारशी ताडून पाहावं. जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, म्हणून माहेर बेळगावात आणि सासर सांगलीत असलं तरी शिवाजीनगरात जन्मलेल्या बाळाचा दाखला बेंगळुरूचाच. नोंदीची मुदत २१ दिवसांची. नावाचा रकाना तेव्हा कोरा राहिला तरी चालतं. बारसं झाल्यावर, वर्षाच्या आत, नाव विनाशुल्क घालता येतं.