ऑर्नांची मयत

१८५० सालच्या सुरुवातीला पूर्व फ्रान्समधल्या ऑर्नां गावात चर्चचे दोन गायक चित्रकारावर रुसून बसले होते. गुस्ताव्ह कुर्बे गावातल्या एका दफनविधीचे प्रचंड चित्र रंगवत होता. चर्चमधल्या झाडून साऱ्या मंडळींना त्याने चित्रासाठी उभे केले आणि हे दोघे तेवढे राहिले. त्यांची तक्रार लोकांकरवी त्याच्या कानावर आली. आम्ही याचे कधी काही वाकडे केले नाही, मग आमच्याच वाट्याला हा अपमान का? कुर्बेचा विचार या दोघांवाचून भागवण्याचा होता. पण गावापुढे काही चालेना, आणि गायक चित्रात आले.

ही हकीकत कुर्बेनेच शांफ्लरी या लेखकमित्राला पत्रातून कळवली. वास्तववादाचे जाहीरनामे पुढे बरेच निघाले, पण या घरगुती पत्राची सर त्यांतल्या एकालाही नाही. पत्रात चित्रातल्या माणसांची यादीच आहे. चारशे पौंडी महापौर, धर्मगुरू, न्यायाधीश, क्रूस धरणारा, नोटरी, कुर्बेचे वडील, बहिणी, मित्र, कबर खोदणारा. १७९३ च्या क्रांतीचा काळ पाहिलेले दोन म्हातारे त्या वेळच्या पोशाखात. एक कुत्रा. चर्चच्या दोन सेवकांपैकी एकाचे नाक चेरीसारखे लाल आणि पाच इंच लांब, असा शेराही. इथे मॉडेल स्वस्त आहेत, असे तो लिहितो. ज्याला त्याला या मयतीत शिरायचे आहे, साऱ्यांचे समाधान काही होणार नाही आणि मला शत्रू मात्र पुष्कळ होतील.

कुर्बेचा जन्म याच गावातला, १८१९ चा. बाप जमीनजुमला बाळगून असलेला शेतकरी. पोराने पॅरिसला जाऊन वकील व्हावे ही बापाची इच्छा; पोरगा लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करत बसला. १८४९ च्या सलोंमध्ये ‘ऑर्नांतले जेवण झाल्यानंतर’ या चित्राला सुवर्णपदक मिळाले. पदकाबरोबर एक सवलतही आली. सलों म्हणजे फ्रान्सचे सरकारी चित्रप्रदर्शन. तिथे एरवी प्रत्येक चित्र परीक्षकांच्या चाळणीतून जाई. पदकवाल्याला ती चाळणी माफ होती. ही सवलत नसती, तर ही मयत सलोंच्या भिंतीपर्यंत पोचणे अवघडच होते.

गावातल्या खोलीत हा कॅनव्हास कसाबसा मावत होता. तीन मीटरहून अधिक उंच, पावणेसात मीटरच्या आसपास लांब. चित्रकाराला धड चार पावले मागे सरून पाहायलाही जागा नव्हती. पन्नासच्या आसपास माणसे, साऱ्यांची आकृती खऱ्या माणसाएवढी. मागे ऑर्नांचे सपाट माथ्याचे कडे. खाली मधोमध कबरीचा खड्डा, तोही चौकटीने कापलेला, म्हणजे पाहणारा जवळपास त्याच्या काठावरच उभा. कुठे देवदूत नाही, उघडलेला स्वर्ग नाही. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. कोणी रडते आहे, कोणी भलतीकडेच पाहते आहे, कुत्र्यानेही तोंड फिरवले आहे. मेले कोण, याचा पत्ता चित्र लागू देत नाही.

मराठी वाचकाला वास्तववादी चित्र म्हटले की हातात दिवा घेतलेली हळदणकरांची तरुणी आठवते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये रुजलेली ती हुबेहूब चित्रणाची शैली युरोपीय अकादमीच्या वळणाची होती. कुर्बेचे भांडण त्याच अकादमीशी, पण हुबेहूबपणावरून नव्हे. तिथले चित्रकार त्याच्याहून गुळगुळीत आणि बिनचूक रंगवत. भांडण भिंतीवरच्या जागेचे होते. एवढा मोठा कॅनव्हास देवादिकांसाठी, राजेरजवाड्यांसाठी, लढायांसाठी राखलेला असे. खेड्यातली माणसे छोट्या चौकटीत, गमतीपुरती. कुर्बेने नोटरीला आणि लाल नाकाच्या सेवकाला सम्राटाच्या मापाची जागा दिली. वर सलोंच्या नोंदीत चित्राचे वर्णन ‘ऑर्नांतल्या एका दफनाचा इतिहास’ असे केले. मानकऱ्यांना खुपला तो हा इतिहास.

पॅरिसला जाण्याआधी चित्र ऑर्नांतच लोकांना फुकट दाखवले गेले. गाव खूश होते. मग बेझांसों, मग दिजों. १८५० च्या डिसेंबरअखेर सलों उघडले आणि टीकाकारांनी झोड उठवली. माणसे कुरूप आहेत, चर्चची टर उडवली आहे, सारे कसे गबाळे आणि दाटीवाटीचे. या संतापाला राजकारणाचीही धार होती. १८४८ ची क्रांती ताजी होती, आणि त्याच वर्षी खेड्यांतल्या मतांच्या लोंढ्याने लुई नेपोलियन राष्ट्राध्यक्ष झाला होता. खेडुताच्या मनात आहे तरी काय, ही धास्ती पॅरिसच्या पांढरपेशांना होतीच. त्यात हे पन्नास चेहरे एका रांगेत समोर उभे ठाकले. आपली टिंगल झाली, असे पॅरिसमधून परत कानावर आल्यावर ऑर्नांतले लोकही बिथरले. चित्रात घ्या म्हणून ज्यांनी हट्ट धरला होता, त्यांच्याच गावात आता चित्रकारावर राग धुमसू लागला. शत्रू होतील, ही पत्रातली गंमत अशी खरी ठरली.

पुढची भांडणे जास्त गाजलेली आहेत. १८५३ मध्ये सरकारचे कलाधिकारी काउंट न्यूवेरकेर्क यांनी कुर्बेला जेवायला बोलावले आणि १८५५ च्या जागतिक प्रदर्शनासाठी चित्र काढण्याचे सुचवले. अट अशी, की कच्चे रेखाटन आधी दाखवायचे. माझ्या चित्राचा न्यायाधीश मी एकटा, मीही एक सरकारच आहे, असे उत्तर देऊन कुर्बेने यजमानाच्या तोंडचे पाणी पळवले. निदान ब्रुयास या आश्रयदात्याला लिहिलेल्या पत्रात त्याने तसे रंगवून सांगितले आहे. कुर्बेच्या बढाईतले थोडे वजा करून वाचलेले बरे.

१८५५ च्या परीक्षकांनी त्याची अकरा चित्रे घेतली. ऑर्नांचे ‘दफन’ आणि ‘चित्रकाराचा स्टुडिओ’ मात्र नाकारली. कुर्बेने प्रदर्शनाशेजारीच स्वतःचा मंडप ठोकला, दारावर ‘वास्तववाद’ अशी पाटी लावली आणि तिकीट ठेवले. गर्दी झाली नाही, तिकिटाचा दर उतरवावा लागला. ऑगस्टमध्ये एके दिवशी चित्रकार देलाक्रवा तिथे गेला आणि जवळपास तासभर एकटाच चित्रे पाहत राहिला. ‘स्टुडिओ’ पाहून तो थक्क झाला. ‘दफन’मध्ये माणसे एकमेकांच्या अंगावर चढल्यासारखी वाटतात, अशी त्याने रोजनिशीत नोंद केली; पण धर्मगुरू, प्रार्थनेची पोरे, रडणाऱ्या बायका त्याला अप्रतिम वाटल्या.

देलाक्रवाला खटकलेली ती दाटी म्हणजे चित्रकाराची कमतरता, असे अनेकांनी मानले. पत्र वाचल्यावर ते पटत नाही. अकादमीचा चित्रकार आधी नायक ठरवी आणि बाकीच्यांना त्याच्याभोवती रचे. इथे नोटरी आला, महापौर आला, रुसलेले गायक आले आणि कोणालाच मागे ढकलता येईना. वास्तववादाची ही गच्च, बिननायकाची रचना कुर्बेच्या तत्त्वज्ञानातून जेवढी आली, तेवढीच गावाच्या हट्टातून आली.

नंतरचे आयुष्य वादळी गेले. पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या क्रांतिकारी राजवटीच्या काळात, १८७१ च्या मे महिन्यात, नेपोलियनचा व्हांदोम स्तंभ पाडला गेला. तो हलवावा, अशी सूचना कुर्बेने आदल्याच वर्षी केली होती. त्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला आणि पुढे स्तंभ नव्याने उभारण्याचा खर्चही त्याच्याच डोक्यावर आला. बिल ३,२३,०९१ फ्रँक ६८ सांतीमचे. फेड वर्षाला दहा हजार, तेहतीस वर्षे. पहिला हप्ता १ जानेवारी १८७८ रोजी भरायचा होता. कुर्बे ३१ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये परागंदा अवस्थेतच वारला.

‘दगडफोडे’ हे त्याचे त्याच काळातले दुसरे गाजलेले चित्र १९४५ मध्ये ड्रेस्डेनच्या बाँबवर्षावात नष्ट झाले. आज त्याची छायाचित्रे तेवढी आहेत. ‘दफन’ पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. फ्रान्सच्या सरकारी परीक्षकांनी १८५५ मध्ये नाकारलेले हे चित्र फ्रान्सला १८८१ मध्ये फुकट मिळाले. दान करणारी ज्युलिएत ही कुर्बेची बहीण. चित्रातल्या बायकांमध्ये तीही उभी आहे.