ज्याची त्याची पाटी

बालमित्रांनो, आम्ही संगणकवाले आईबाबा दिवसभर काय करतो? बरेचदा चुकाच वाचतो! लिनक्सवर काम अडले की सी भाषेतल्या प्रोग्रामला आकडा मिळतो: २ म्हणजे फाइल सापडली नाही, १३ म्हणजे परवानगी नाही. ‘स्ट्रएरर’ त्या आकड्याचे वाक्य करून देते. पण काही संगणकांवर त्याची पाटी सर्वांत एकच असते. प्रोग्राममधली दोन कामे, म्हणजे थ्रेड, एकदम आली तर एकाचे वाक्य पुसून दुसऱ्याचे उमटते. आम्ही भलतीच चूक शोधत बसतो! म्हणून ‘स्ट्रएरर-आर’ला आम्ही स्वतःची पाटी देतो. मात्र त्याचे दोन प्रकार आहेत. पॉझिक्सचा प्रकार आपल्या पाटीवर लिहून फक्त जमले की नाही तेवढा आकडा देतो. ग्नूचा प्रकार वाक्याचा पत्ता देतो. ते आपल्या पाटीवर असेलच असे नाही. तेव्हा प्रकार आधी ओळखावा. आणि वर्गात दुसऱ्याची पाटी पुसू नये!