इपॉक्सी रेझिनांचे दृढीकरण तापमान आणि उष्णतारोध

इपॉक्सी रेझीन दृढीकारकात मिसळल्यावर त्याच्या रेणूंमध्ये आडबंध निर्माण होऊन त्रिमितीय जाळे तयार होते. या क्रियेस दृढीकरण म्हणतात. ती कोणत्या तापमानास झाली, यावर तयार पदार्थाचा उष्णतारोध बऱ्याच अंशी ठरतो.

उष्णतारोधाची मोजमापे

काचसंक्रमण तापमान ओलांडल्यावर कठीण रेझीन रबरासारखे मऊ होते व त्याची भार पेलण्याची क्षमता घटते. विघटन तापमानास रेणूंतील बंधच तुटतात. ते सामान्यतः ३०० °से.च्या वर असते. दृढीकरण तापमानाचा मुख्य परिणाम काचसंक्रमण तापमानावर होतो.

प्रक्रिया

आडबंध वाढतात तसे काचसंक्रमण तापमानही वाढते. ते दृढीकरण तापमानाच्या पुढे गेले, की मिश्रण काचेप्रमाणे घट्ट होते, रेणूंची हालचाल मंदावते आणि क्रिया अपूर्ण अवस्थेत जवळजवळ थांबते. त्यामुळे खोलीच्या तापमानास दृढ केलेल्या अनेक रेझिनांचे काचसंक्रमण तापमान ५० ते ६० °से.च्या आसपास राहते. तोच पदार्थ नंतर काही तास अधिक तापमानात ठेवल्यास (उत्तर-दृढीकरण) उरलेली क्रिया पुढे सरकते व उष्णतारोध वाढतो. मात्र प्रत्येक मिश्रणास कमाल मर्यादा असते. तीपलीकडे तापविल्यास ऑक्सिडीकरण होते. जाड ओतकामात तापमान एकदम वाढविल्यास क्रियेतील उष्णता साठून तडे पडू शकतात.

रूपांतरित रेझिने

ठिसूळपणा कमी करण्यासाठी रेझिनात द्रव नायट्राइल रबर मिसळतात. दृढीकरणाच्या वेळी ते सूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळे होते. जे रबर जाळ्यात विरघळलेले राहते, ते काचसंक्रमण तापमान खाली आणते. किती रबर वेगळे होईल, हे दृढीकरण तापमानावरही अवलंबून असते. नोव्होलॅक इपॉक्सीत क्रियाशील गट अधिक असल्याने जाळे दाट होते, परंतु ते पूर्ण होण्यास अधिक तापमान लागते. विमानांच्या कार्बनतंतू भागांसाठी वापरली जाणारी काही रेझिने सुमारे १८० °से.ला दृढ करतात.

उष्ण प्रदेशांतील महत्त्व

वाशीम जिल्ह्यातील केनवडसह विदर्भात उन्हाळ्यात हवेचे तापमान अनेकदा ४० °से.च्या पुढे जाते. उन्हातील पत्रा किंवा पंपाचे आवरण त्याहून बरेच अधिक तापते. अशा पृष्ठभागावर हिवाळ्यात केलेला इपॉक्सीचा सांधा कडक वाटला, तरी उन्हाळ्यात भाराखाली सरकू शकतो. भार देण्यापूर्वी, सांध्यास आधार देऊन उत्पादकाने सांगितलेल्या तापमानास उत्तर-दृढीकरण केल्यास हा धोका कमी होतो.