खांदा वळला की फाउल

नांदेड-लातूरच्या शाळांमधल्या मातीच्या मैदानावर वाढलेल्या खो-खोपटूला पायाची शिस्त आधी कळते, वेग नंतर. पारंपरिक नियमानुसार आक्रमकाने एकदा दिशा घेतली, की खुंटापर्यंत माघार नाही. मध्यपाटीवर पाय पडला, फाउल. खांदा उलटा वळला, तरी फाउल. बचाव करणाऱ्याची हूल चालते ती याच बंधनावर: तो दोन बसलेल्या गड्यांमधून पलीकडे निसटतो आणि आक्रमकाला ‘खो’ दिल्याशिवाय गत्यंतर उरत नाही.

ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात बालेवाडीला सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने इथेच हात घातला. मैदान 27 ऐवजी 22 मीटर लांब, नऊऐवजी सात गडी आणि कोणत्याही दिशेला धावू शकणारा ‘वझीर’. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषकही सात गड्यांचा, वझीरासह खेळला गेला. अंतिम सामन्यांत नेपाळला हरवून भारताने दोन्ही विजेतेपदे मिळवली. पुरुषांत 54-36, महिलांत 78-40. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे.

वझीरामुळे खेळ टीव्हीवर रंगतो, हे खरेच. पण बचावातली निम्मी अक्कल त्याने स्वस्त केली, हा जुन्या प्रशिक्षकांचा आक्षेप मला पटतो. शिवाय लीग आणि विश्वचषक मॅटवर खेळले जातात, आणि मॅटवर पाय जसा पकडतो तसा मातीवर पकडत नाही. अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे ज्या धाराशिवच्या, तिथपासून नांदेडपर्यंत सरावाला अजून बहुतेक ठिकाणी मातीच आहे.