खापर, मांडे आणि वहीतली अहिराणी

आज आपण बोलणार आहोत ते खापराविषयी, आणि खापराबरोबर आपल्या घरातून हळूच निघून चाललेल्या बोलीविषयी.

गेल्या आखाजीला आमच्या गटातल्या एका ताईंकडे पुण्याहून नात आली होती. नऊ वर्षांची पोर. ताईंनी चूल पेटवली आणि वर खापर पालथं घातलं. पोर म्हणाली, "आजी, मडकं उलटं का ठेवलंस?" आम्ही सगळ्या हसलो. ताईंनी तिला जवळ बसवून दाखवलं. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला, "माझ्या आईला हे येतं का?" तिची आई शेजारीच बसून पुरण वाटत होती. तिनं मान हलवली, येत नाही म्हणून. त्यानंतर आम्ही हसलो नाही. कारण आम्ही मोजायला बसलो, तर बावीस जणींच्या गटात मांडे येणाऱ्या फक्त तिघी निघाल्या, आणि तिघीही साठीच्या पुढच्या.

ज्यांना मांडे येतात त्यांनी दोन मिनिटं कंटाळा सोसावा, बाकीच्यांसाठी सांगतो. गहू धुवायचे, ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे, मग दळायचे आणि पीठ पातळ कपड्यातून गाळायचं. खरी मेहनत कणकेची. मिठाच्या पाण्यात ती सैल भिजवायची आणि आपटत, ओढत, मुठीनं दाबत राहायचं, तार सुटेपर्यंत. यातच खांदे भरून येतात. दोन लाट्यांच्या मध्ये पुरण घालून कडा दाबायच्या, पोळपाटावर जरा वाढवायचं, आणि मग लाटणं बाजूला. पोळी दोन्ही हातांवर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर फिरवत मोठी करायची. ती मनगटावरून कोपराकडे सरकत जाते. चांगला मांडा कोपरापर्यंत येतो आणि त्यातून पलीकडचं दिसतं. मग तो अलगद खापरावर टाकायचा. खापर फार तापलं तर मांडा करपतो, कमी तापलं तर चिकटतो. किती तापलंय हे घड्याळ सांगत नाही. पाण्याचा शिपका मारायचा आणि आवाज ऐकायचा. भाजला की रुमालासारखी घडी घालायची. आखाजीला बरोबर आंब्याचा रस, नाहीतर कटाची रशी, वर तूप.

हे वाचून कुणाला मांडे येतील असं आम्हाला मुळीच वाटत नाही. हात बघूनच हात शिकतो. शिकवणारी आजी म्हणते, "हात ढिला सोड व माय." या एका वाक्यात मांड्याचं अर्धं गुपित आहे, आणि ते अहिराणीत आहे. प्रमाण मराठीत तेच कितीदा सांगून पाहिलं, पण त्या "व माय"मध्ये जो धीर आहे तो दुसरीकडे येत नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात. आपल्याकडे त्या दिवशी लेक माहेरी येते. मुराळी घ्यायला जायचा, सासूची परवानगी मिळायची किंवा मिळायची नाही, आणि ज्यांना मिळायची नाही त्या बाया वाटेकडे बघत राहायच्या. गौराई बसायची, निंबाला झोका बांधायचा, आणि झोक्यावर जी गाणी म्हटली जायची त्यात सासरचं सगळं निघायचं. बाईला वर्षभर जे बोलता येत नव्हतं ते ती झोक्यावर गाऊन टाकायची, आणि सणाचं गाणं म्हणून कुणी तिला अडवायचं नाही. त्याच दिवशी नवी घागर भरून पितरांची आठवण करायची. सालदाराचं सालही आखाजीला संपायचं आणि नवं ठरायचं. शेतातलं काम थांबलेलं, ऊन डोक्यावर, म्हणून हा सण बाईच्या विसाव्याचा. (पुरुषांचा विसावा पत्त्यांच्या डावात जायचा. त्यावर आपण वेगळ्या भागात बोलू, आज सणाचा दिवस खराब करत नाही.)

आता लेक वर्षातून चारदा फोन करते, मनात आलं की गाडीवर बसून येते. हे चांगलंच झालं. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणणाऱ्यांतल्या आम्ही नाही. जिला मुराळी आला नाही तिला विचारा.

श्रावणातली कानबाई घ्या. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, साज, केळीच्या खांबांची मखर, रात्रभर जागरण, आणि सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन नाचत-गात नदीवर. रोटाचे गहू घरी दळायचे आणि तो नैवेद्य भाऊबंदांनीच खायचा. यातली एक रीत मात्र आम्हाला खुपत आली आहे. रोटासाठी गहू मोजताना घरात जितके पुरुष तितक्या सव्वा मुठी घ्यायच्या. दळणारी बाई, रांधणारी बाई, जागणारी बाई, डोक्यावर घेऊन नाचणारी बाई, आणि मोजणीत बाई नाही! आमच्यातल्या एकीनं दोन वर्षांपासून लेकींच्या नावाचीही मूठ धरायला सुरुवात केली. सासूबाई आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "घे, माझ्याही नावाची घे." कानबाई रागावल्याचं अजून तरी कुठे दिसलं नाही.

म्हणजे रीत बदलता येते. पण बदलायला ती आधी ठाऊक असावी लागते.

खाण्याचं म्हणाल तर कळण्याची भाकरी अजून बऱ्याच घरी होते. ज्वारी आणि उडीद एकत्र दळायचे, चवीला मीठ. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद, साक्रीकडून आलेली आमची एक सून तीनला एक सांगते. या गोष्टीवर आमच्या बैठकीत बचतीच्या हिशेबापेक्षा जास्त वेळ गेला. हिवाळ्यात भरिताची वांगी तुरकाट्यांवर भाजायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे त्या वांग्याचं नाव कुणी दुसऱ्यानं लावू नये अशी सरकारी नोंद झाली. वांग्याची नोंद झाली. बडगीची, तुरकाट्यांची, ती भाजताना पोरांना लांब हाकलणाऱ्या आजीच्या शब्दांची नोंद कोण करणार?

आता बोलीकडे येतो. आमच्यातल्या एकीचा नातू पहिलीत गेला. बाईंनी विचारलं, घरी कोण कोण आहे? तो म्हणाला, "मन्ही माय, मन्हा बा." वर्ग हसला. पोरगं घरी येऊन म्हणालं, आजी, तू माझ्याशी असं बोलू नको. त्या दिवसापासून ही आजी नातवाशी जपून, पुस्तकी बोलते. तिला ते जमत नाही, म्हणून ती कमीच बोलते. बहिणींनो, यात नुकसान कुणाचं झालं ते बघा. शाळेची भाषा पोरानं शिकावीच, त्यात दुमत नाही. पण एक शिकताना दुसरी टाकावी लागते हे कुणी ठरवलं? पोराला दोन भाकरी पचतात तशा दोन भाषाही पचतात.

आकडे सांगतो. जनगणनेत आपली बोली 'खानदेशी' या नावाखाली मराठीहून वेगळी मोजतात. २००१ साली ती मातृभाषा म्हणून सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ साली सुमारे १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत गावं वाढली, घरं वाढली, आणि ही भाषा आपली म्हणणारे दोन लाखांनी कमी झाले. एवढी माणसं कुठे गेली? आम्हाला वाटतं ती इथेच आहेत. मोजणारा दारात आला तेव्हा त्यांनी "मराठी लिहा" म्हटलं असेल, किंवा घरातल्या पुरुषानं सांगितलं असेल आणि बाईला कुणी विचारलंच नसेल.

हे आपलंच दुखणं आहे असं नाही. इंग्लंडच्या शेजारी आयर्लंड नावाचं बेट आहे. गरीब शेतकऱ्यांचा देश, बटाट्यावर जगणारा. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला, पाठोपाठ वर्षं वाईट गेली, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. जे उरले त्यांच्या पोरांनी जगायचं तर इंग्रजी, असं होऊन बसलं. तिकडे पोराच्या गळ्यात काठी बांधायचे. पोर आपल्या आयरिश भाषेत बोललं की काठीवर एक खाच पाडायची, आणि खाचा मोजून शिक्षा. वर्गात हसण्यापेक्षा हे कितीतरी कठोर.

पण पुढची गोष्ट आम्हाला जास्त आवडली. देश स्वतंत्र झाल्यावर, १९३७ ते १९३९ या काळात, तिथल्या ५,००० प्राथमिक शाळांतल्या पोरांना वह्या देऊन घरी पाठवलं. आजी-आजोबांना विचारा आणि लिहून आणा. भाकरी कशी करत, लोणी कसं काढत, पाऊस येणार हे कशावरून ओळखत, दुखलं-खुपलं तर काय लावत, म्हणी कोणत्या, सण कसे. पन्नास हजारांहून जास्त पोरांनी लिहिलं. त्याची सुमारे ७ लाख ४० हजार पानं झाली आणि ती आजही जपून ठेवली आहेत. ज्या म्हाताऱ्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांच्यापुढे नातवंडं वही-पेन्सिल घेऊन बसली. आम्हाला त्या पानांपेक्षा हे बसणंच मोठं वाटतं.

लिहून ठेवलं नाही तर काय जातं ते खानदेशाला सांगायला नको. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जळगावकडच्या लेवा बोलीत गात राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या नातलगांनी काही उतरवून घेतलं, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक झालं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. उतरवून घ्यायला कुणी नव्हतं अशा किती जणी गेल्या असतील? अहिराणीचा शब्दकोश डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी केला आहे. पण प्रत्येक घरच्या चुलीपाशी एक अभ्यासक येऊन बसू शकत नाही. तिथे आपणच पाहिजे.

म्हणून आमच्या गटानं वही सुरू केली. बचतीच्या वहीशेजारी दुसरी वही, साधी, शंभर पानी. सहावी ते आठवीतल्या पोरी लिहितात, म्हाताऱ्या सांगतात. सुरुवातीला पोरी सगळं शुद्ध करून लिहायच्या. "अंडेर" ऐकायचं आणि "मुलगी" लिहायचं. आम्ही सांगितलं, जसं कानावर पडलं तसं लिही, अर्थ शेजारी लिही. माप विचारलं आणि आजी "मूठभर" म्हणाली तर मूठभरच लिही, ग्रॅम करू नको. दोन आज्या दोन रीती सांगतील तर दोन्ही लिही, भांडण मिटवू नको. आणि सांगणारीचं गाव लिही, माहेरचं आणि सासरचंही, कारण बाईची बोली दोन गावांची असते.

चार महिन्यांत साठ पानं भरली. "दात शेतस तं चना नहीत, चना शेतस तं दात नहीत" ही म्हण एकाच दिवशी पाच जणींनी सांगितली आणि पाचही जणींना ती आपल्याच आजीची वाटते. बिबड्यांचं पान सगळ्यात लांब झालं, कारण ज्वारी भिजवण्यापासून खाटेवर वाळवण्यापर्यंत प्रत्येकीचं मत निराळं. भुलाबाईचं पान रिकामं होतं. शेवटी एक आजी आल्या, बोलत नव्हत्या, नुसत्या टाळ्या वाजवत बसल्या, आणि टाळीबरोबर त्यांना एकेक ओळ आठवत गेली. ज्या आजीनं नातवाशी बोलणं कमी केलं होतं तीही आता येते. नातू पहिलीतला, त्याला लिहिता येत नाही. तो बाजूला बसून कान देतो, आणि परवा ताईकडे पाहून म्हणाला, "ए, तिनं अंडोर म्हटलं, तू मुलगा लिहिलंस."

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी आमच्या अंगणात मांडे शिकायचे आहेत. कुंभारदादांना चार खापरं सांगून ठेवली आहेत, चुली तीन मांडू. गहू गटाचे, गूळ आणि डाळ प्रत्येकीनं थोडी आणावी. ज्यांना मांडे येत नाहीत त्यांनी सकाळी आठला यावं, कणीक मळायला तेच हात लागतील. ज्यांच्या घरी मांडे येणाऱ्या आजी आहेत त्यांनी आजींना सोबत आणावं, चालवत नसेल तर निरोप पाठवा, रिक्षा आम्ही पाठवू. आणि पोरींनो, पेन्सिल दोन आणा, मागच्या वेळी एक मध्येच मोडली होती.