मुखपृष्ठावर होळी, अनुक्रमणिकेत कोण?

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची राजवाडी होळी दरवर्षी वर्तमानपत्रांत छायाचित्रासह झळकते. परंपरा १२४६ सालापासूनची सांगितली जाते. जंगलातून वाजतगाजत आणलेला उंच बांबू, कुदळ-फावडे न वापरता हातांनी खणलेला खड्डा, रात्रभर घुमणारे ढोल आणि पहाटे पेटणारी होळी, हे सगळे सातपुड्याच्या या कोपऱ्यात अजून चालू आहे. कॅमेरे मात्र रेंगाळतात ते बावा-बुध्यांपाशी, म्हणजे होळीसाठी सजून नाचणाऱ्यांपाशी. डोक्यावर मोरपिसांचा टोप, उघड्या अंगावर राखेचे ठिपके आणि रेघा, कमरेला सुकलेले भोपळे नाहीतर घुंगरांची माळ. यांतले बरेच जण त्या दिवसांत व्रत पाळत असतात, त्याला पालनी म्हणतात. छायाचित्रात टोप येतो, पालनी येत नाही. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे काम करणाऱ्या कोणालाही असे चित्र हाती आले तर मुखपृष्ठाची चिंता मिटली असेच वाटेल. माझे म्हणणे असे की अंकाची खरी परीक्षा मुखपृष्ठ उलटल्यावर, अनुक्रमणिकेच्या पानावर होते, आणि मुखपृष्ठ जितके देखणे तितकी ती परीक्षा कठीण.

महाविद्यालयाचा वार्षिक अंक ही आपल्याकडची एक विलक्षण संस्था आहे. महाराष्ट्रात जुने महाविद्यालय असे क्वचितच असेल की ज्याच्या ग्रंथालयात या अंकांचे बांधीव गठ्ठे नाहीत. खानदेशात तर विद्यार्थ्यांसाठी लिहिण्या-छापण्याची परंपरा साने गुरुजींपर्यंत मागे जाते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना ते वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत, आणि १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. हाताने लिहिलेल्या दैनिकाला मुखपृष्ठाची गरज नव्हती. आज काय वाचायचे एवढाच प्रश्न होता. मुखपृष्ठाचे वैभव मराठीत आले ते दुसऱ्या वाटेने, दिवाळी अंकांच्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, १९४५ मध्ये दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ आला, आणि दलाल-मुळगावकरांच्या चित्रांनी स्टॉलवर टांगलेला अंक लांबून ओळखू येऊ लागला. तिथे मुखपृष्ठाला नेमके काम होते. रस्त्याने जाणाऱ्याला थांबवायचे आणि खिशात हात घालायला लावायचे. महाविद्यालयाच्या अंकाला हे काम मुळीच नाही. त्याचे पैसे प्रवेशाच्या वेळी, शुल्काच्या पावतीवरच्या एका ओळीत, वाचकाने आधीच भरलेले असतात. अंक विकायचा नसताना त्याला मुखपृष्ठ कोणासाठी, हा प्रश्न विचारला की त्या पानाची सगळी रचना उलगडते.

ते असते वरच्यांसाठी. संस्थापकांचे छायाचित्र, इमारतीचे दर्शनी चित्र, बोधचिन्ह, ‘नॅक’ची श्रेणी, वर्षाचा आकडा, आणि त्या वर्षी ज्याची चलती असेल तो विषय: स्वच्छता अभियान, बेटी बचाओ, कोरोना, अमृत महोत्सव, चांद्रयान. मलपृष्ठावर पारितोषिके आणि पाहुणे. आतल्या मजकुराचा या चित्राशी संबंध असेलच असे नाही, बहुतेकदा नसतो. अंक जातो विद्यापीठाच्या नियतकालिक स्पर्धेला, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे, मूल्यांकन समितीच्या टेबलावर. तिथे तो चाळला जातो, आणि चाळणाऱ्याची नजर आधी बाहेरच्या पानावर जाते. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. संस्था उभी करणाऱ्यांचे ऋण मानावे, श्रेणी मिळाली तर सांगावी, यात वावगे काही नाही. पण आदिवासी भागातल्या महाविद्यालयाचा अंक म्हटला की या यादीत आणखी एक गोष्ट सहज येते, ती म्हणजे ‘आदिवासी’ दिसणारे चित्र. छापखान्याच्या संगणकात ते तयारच असते, आणि ते बहुधा वारली असते. वारली चित्रे डहाणू, तलासरी, जव्हारकडची; लग्नाच्या चौकासाठी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली, जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलेली. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांशी त्यांचा तसा संबंध नाही. एका डोंगरातल्या लोकांची ओळख म्हणून दुसऱ्या डोंगरातले चित्र छापले जाते आणि कोणाला खटकतही नाही. त्या मानाने काठीच्या होळीचे छायाचित्र निदान गावचे तरी आहे. तरीही तेवढ्याने भागत नाही.

कारण आता पान उलटायचे. अनुक्रमणिका, किंवा थोडा नखरा असेल तर ‘अंतरंग’. अंकातले हे पान सर्वांत शेवटी तयार होते; पृष्ठक्रमांक पक्के झाल्याखेरीज ते जुळवताच येत नाही, आणि तोवर डीटीपीवाला कंटाळलेला असतो, संपादक प्राध्यापकांच्या डोक्यावर परीक्षा असतात. म्हणून तिथे नेहमीचा साचा वापरला जातो: अनुक्रमांक, शीर्षक, लेखकाचे नाव, वर्ग, पृष्ठ. साचा निरुपद्रवी दिसतो, पण तो बरेच काही ठरवतो. मुलींच्या नावाआधी ‘कु.’ असते, मुलांच्या आधी काहीच नसते. प्राध्यापकांच्या नावाला ‘प्रा. डॉ.’ चिकटलेले असते आणि त्यांचे लेख विभागाच्या डोक्यावर बसतात. विद्यार्थ्याचे नाव जागा वाचवण्यासाठी आडनाव आणि दोन आद्याक्षरे एवढ्यावर येते. पुण्या-मुंबईत यातून फारसे बिघडत नाही. अक्कलकुव्याच्या बाजूला मात्र वसावे, पाडवी, वळवी, तडवी या आडनावांची इतकी दाटी आहे की ‘वसावे आर. के., एस.वाय.बी.ए.’ या ओळीतून नेमके कोणी लिहिले हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही. ज्या पानावर माणसाचे नाव पहिल्यांदा छापून येते, त्याच पानावर ते हरवते. वर्गाच्या जागी किंवा वर्गासोबत गाव छापले, काठी, मोलगी, डाब, भगदरी, पिंपळखुटा, तर जागा तेवढीच लागेल. आणि कुठून कोण लिहू लागले आहे याचा लेखाजोखा आपोआप तयार होईल. जिल्ह्याच्या कोणत्याही अहवालात तो सापडायचा नाही.

याहून मोठा प्रश्न विभागांचा. मराठी विभाग, हिंदी विभाग, इंग्रजी विभाग, कुठे संस्कृत किंवा विज्ञान, शेवटी अहवाल: महाराष्ट्रभर ही मांडणी इतकी रुळली आहे की ती निसर्गनियमासारखी वाटते. वास्तविक ती विद्यापीठातल्या भाषाविषयांच्या विभागणीवरून आलेली आहे, लिहिणाऱ्यांच्या भाषेवरून नव्हे. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरात देहवाली, नोयरी, पावरी, मावची, भिलोरी बोलली जाते. देशात त्याच जनगणनेत भिली गटाच्या भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे एक कोटीहून अधिक निघाले. भाषाभ्यासक ग्रियर्सनने तर भारतीय भाषांच्या पाहणीत १९०७ सालीच भिली भाषांना मराठीहून वेगळा खंड दिला होता. आता काठीच्या एखाद्या विद्यार्थिनीने होळीच्या रात्री ऐकलेली गाणी तिच्या भाषेत लिहून दिली, तर ती या साच्यात कुठे बसतील? एक तर ‘मराठी विभागा’त, बोलीचा नमुना म्हणून, शेवटी. नाहीतर कुठेच नाही. दुसरी शक्यता अधिक वाईट आहे, कारण ती कोणी ठरवून घडवत नाही. विभाग नाही म्हणून मजकूर मागितला जात नाही, मजकूर येत नाही म्हणून विभाग करावासा वाटत नाही. मग त्याच विद्यार्थिनीकडून येते ‘मोबाईल: शाप की वरदान’. तो निबंध ती वाईट लिहीत नाही, फक्त तसाच निबंध राज्यातल्या शंभर अंकांत छापलेला असतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप संपादनाचा आहे. भिली भाषांचे लेखन ठरलेले नाही, मुद्रितशोधन कोण करणार, चूक कोणती आणि रूप कोणते हे मराठीच्या प्राध्यापकाने कसे ठरवावे? अडचण खरी आहे, पण ती छापूनच सुटते. मराठी शुद्धलेखनाचे नियमही छापील मजकूर वाढल्यावर, वाद घालत घालत ठरले; आधी नियम आणि मग मजकूर असे तिथेही झालेले नाही. शिवाय उदाहरण जिल्ह्यातच आहे. शहाद्याकडचे वाहरू सोनवणे भिलीतून आणि मराठीतून लिहीत आले, त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ सालचा. देवनागरीला त्यात काही जड गेले नाही. संपादक मंडळात विद्यार्थी प्रतिनिधी असतोच. त्या भाषेच्या पानांचे मुद्रितशोधन त्याच्याकडे दिले की ते पद पहिल्यांदाच कामाचे होईल. (एरवी त्याचे काम गटछायाचित्रात उभे राहणे एवढेच असते.) दुसरा आक्षेप तरुणांकडूनच येऊ शकतो: आम्ही मराठी, इंग्रजी शिकायला इथवर आलो, पुन्हा आम्हाला बोलीत का कोंबता? हा मला अधिक विचार करण्यासारखा वाटतो. वेगळा विभाग हा सन्मान असतो तसा कोपराही असू शकतो. म्हणून भाषावार विभागच मोडावेत, हा उपाय मला बरा वाटतो. विषयानुसार मांडणी करावी: शेती आणि जंगल, सण, स्थलांतर आणि ऊसतोड, प्रवास, कविता. प्रत्येक नोंदीपुढे भाषा लहान अक्षरांत द्यावी. मग पावरी कविता इंग्रजी कवितेच्या शेजारी येते, आणि कोणी कोणाच्या अंगणात पाहुणा राहत नाही. विभागवार संपादक नेमण्याची सोय जाईल, हे मान्य; पण ती सोय प्राध्यापकांची आहे, वाचकाची नव्हे.

मुखपृष्ठासाठी एवढी शिस्त कशाला, चित्र सुंदर आहे ना, असेही कोणी म्हणेल. चित्राला माझी हरकत नाही. आत होळीवर एक ओळही नसताना बाहेर बुध्या उभा करण्याला आहे. अशा वेळी त्या माणसाचा वापर सजावट म्हणून झालेला असतो. आत पालनी पाळलेल्या एखाद्याने पाच पाने लिहिली असतील, टोप कोण बांधतो, पिसे कुठून जमवतात, भोपळे कधीपासून सुकवायला ठेवतात हे त्यात आले असेल, तर मुखपृष्ठावर बुध्याचा चेहरा नसला तरी चालेल. एकट्या टोपाची कामट्यांची चौकट, साध्या रेखाटनात, पुरेशी होईल, आणि ती कोणत्याही पर्यटन-पत्रकावर नसलेली गोष्ट असेल. म्हणजे मुखपृष्ठ अनुक्रमणिकेतून निघावे. छपाईचा क्रमही त्याला अनुकूलच आहे, कारण मुखपृष्ठ शेवटी छापले जाते. ते ठरते मात्र सगळ्यांत आधी.

राहिला प्रश्न हे अंक आता वाचतो कोण, हा. महाविद्यालये हल्ली अंकाची पीडीएफ संकेतस्थळावर ठेवतात, तेव्हा वाचक गठ्ठ्याबाहेर कुठेही असू शकतो. पण अनेक अंकांची जुळणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होते, आणि कधी तर छापील पानेच स्कॅन करून चढवतात. अशा फाइलमध्ये ‘काठी’ हा शब्द शोधला तर सापडत नाही. पान डोळ्यांना दिसते, शोधयंत्राला मात्र ती निरर्थक चिन्हे असतात. आख्खा अंक पुन्हा टंकित करायची गरज नाही. निदान अनुक्रमणिकेची दोन-तीन पाने, पूर्ण नाव, गाव, भाषा आणि पृष्ठ यांसह, युनिकोडमध्ये वेगळी टंकित करून पीडीएफच्या दुव्याखाली ठेवली, तर त्याला एका माणसाची एक संध्याकाळ पुरते.