मसुमी मित्सुई : सैनिक, शेतकरी आणि मतदार

लढाईवर जाऊन आलेल्या माणसाचे देश काय देणे लागतो, यावर व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. पदक, पेन्शन, जमीन, चौकात नाव. ज्या गृहस्थाची हकीकत येथे सांगावयाची आहे त्याला यांपैकी पदक मिळाले. जमीन त्याने स्वतःच्या कमाईतून घेतली. आणि ज्या सरकारसाठी तो लढला त्याच सरकारने पुढे त्याच्या समाजाच्या जमिनी ताब्यात घेऊन दुसऱ्या लढाईतून परतणाऱ्या सैनिकांसाठी लावून दिल्या. हे कोणा जुलमी राजवटीत घडले नाही. कॅनडासारख्या निवडून आलेल्या लोकसभेच्या देशात, रीतसर हुकूम काढून घडले. म्हणूनच ते नीट समजून घेतले पाहिजे.

मसुमी मित्सुई यांचा जन्म 1887 साली जपानात झाला. 1908 साली ते कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उतरले. वेळ काही बरी नव्हती. आदल्याच वर्षी, 7 सप्टेंबर 1907 रोजी, व्हँकूव्हर शहरात मोठा जमाव चिनी आणि जपानी वस्तीवर चालून गेला होता. चिनी वस्तीतली दुकाने फुटली. पॉवेल स्ट्रीटवरच्या जपान्यांनी मात्र दगडबाटल्या हाती घेऊन जमावाला परतवले. ज्या संघटनेच्या सभेतून हा जमाव निघाला ती एशियाटिक एक्स्क्लूजन लीग उभी करण्यात त्या शहराच्या कामगार संघटनांच्या मंडळाचा पुढाकार होता. आयुष्य कामगार चळवळीत गेलेल्या माणसाला हे लिहिताना शरम वाटते, पण लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. लाकूडगिरणीचा मालक आशियाई मजुराला त्याच कामाचे कमी पैसे देई. गोऱ्या कामगाराची मजुरी त्यामुळे घसरे, ही तक्रार खरी होती. तिच्यावर उपाय दोन होते : त्या मजुराची मजुरी आपल्याइतकी करून घेणे, किंवा त्या मजुरालाच हाकलणे. युनियनने दुसरा धरला. मालकाच्या तो पथ्यावरच पडला, कारण दोन कामगार एकमेकांच्या उरावर बसले की मजुरीचा प्रश्न बाजूला राहतो. पुढे 1920 साली एत्सु सुझुकी या पत्रकाराच्या पुढाकाराने जपानी कामगारांनी स्वतःची युनियन काढली. शहराच्या मंडळाने तिला आपल्यात घेतले ते 1927 साली.

आता मताचा प्रश्न. ब्रिटिश कोलंबियाने चिनी लोकांचा मताचा अधिकार आधीच काढला होता, जपान्यांचा 1895 साली काढला आणि आपल्या हिंदी लोकांचा 1907 साली. येथे ‘जपानी’ म्हणजे जपानचा प्रजाजन नव्हे. रीतसर नागरिकत्व घेतलेला, किंबहुना तेथेच जन्मलेला माणूससुद्धा त्यात आला. तोमेकिची होम्मा या गृहस्थाने 1900 साली याविरुद्ध दावा लावला. प्रांताच्या न्यायालयांत तो जिंकला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1902 साली निकाल फिरवला.

पाच वर्षांतून एकदा चिठ्ठी टाकायला मिळाली नाही तर काय बिघडले, असे कोणाला वाटेल. पण मतदारयादी ही एक किल्ली होती आणि तिला बरीच कुलुपे जोडलेली होती. प्रांताच्या यादीत नाव नाही म्हणून देशाच्या निवडणुकीतही मत नाही. यादीत नाव नाही म्हणून वकिली नाही, औषधविक्रेत्याचा परवाना नाही, सरकारी जंगलातल्या लाकूडतोडीच्या ठेक्यावर काम नाही. आणि ज्याला मत नाही त्याच्या बाजूने बोलण्यात कोणत्याच आमदाराचा फायदा नसतो. त्यामुळे त्याच्याविरुद्ध रोज नवा नियम करायला कोणाचीच हरकत येत नाही.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा जपानी समाजातल्या पुढाऱ्यांनी एक हिशेब मांडला : देशासाठी लढलो तर मत नाकारता येणार नाही. 1916 च्या आरंभी सुमारे दोनशे तरुण व्हँकूव्हरमध्ये समाजाच्या खर्चाने कवायत करू लागले. सरकारला त्यांनी पथक देऊ केले, सरकारने ते नाकारले. पण रॉकी पर्वतापलीकडच्या अल्बर्टा प्रांतातल्या बटालियनांना माणसे कमी पडत होती. हे लोक पदरमोड करून आगगाडीने तिकडे गेले आणि भरती झाले. मित्सुई कॅल्गरीला भरती झाले आणि पुढे फ्रान्समध्ये दहाव्या बटालियनमध्ये दाखल झाले. एप्रिल 1917 मध्ये व्हिमीची लढाई झाली, ऑगस्टमध्ये लाँस गावाजवळच्या ‘हिल 70’ या टेकडीची. दुसऱ्या लढाईत त्यांच्या हाताखाली पस्तीसएक जपानी शिपाई होते. त्यांतले धडधाकट परतले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेथील शौर्याबद्दल मित्सुईंना मिलिटरी मेडल मिळाले. लढाई संपली तेव्हा ते सार्जंट होते. एकंदर 222 जपानी स्वयंसेवक युद्धावर गेले आणि 54 जण मेले. त्यांचा स्मारकस्तंभ, माथ्यावर एक दगडी दीप असलेला, 9 एप्रिल 1920 रोजी व्हँकूव्हरच्या स्टॅन्ली पार्कमध्ये उभा राहिला.

मत मात्र मिळाले नाही. 1920 साली या सैनिकांपुरते मत देण्याचा विचार प्रांतात निघाला. विरोधाचा गलका होताच सरकार मागे सरले.

मित्सुईंनी पोर्ट कोक्विटलम येथे सतरा एकर जमीन घेतली आणि कोंबड्यांचा व्यवसाय मांडला. फ्रेझर नदीच्या या खोऱ्यात तेव्हा बरेच जपानी शेतीकडे वळत होते. त्याला कारण होते. 1922 नंतर सरकारने जपानी कोळ्यांचे मासेमारीचे परवाने झपाट्याने कमी केले. समुद्र बंद झाला तेव्हा माणसे जमिनीकडे आली. जमीन मिळे तीही तयार शेत नव्हे. लाकूडवाल्यांनी झाडे नेलेली आणि देवदाराचे प्रचंड बुंधे मागे राहिलेले, अशी. एकेक बुंधा खणायचा, जाळायचा, प्रसंगी सुरुंग लावायचा, तेव्हा कुठे चार वाफे स्ट्रॉबेरीला मोकळे होत. अशा वीस वर्षांच्या कष्टांतून ते खोरे स्ट्रॉबेरीसाठी नावारूपाला आले. त्या फळबागांच्या मागे कोणाचे हात होते हे तेथल्या बाजाराला चांगले ठाऊक होते, आणि तोच रागाचाही विषय होता.

माजी सैनिकांच्या ‘लीजन’ या संघटनेची जपानी सैनिकांची स्वतंत्र शाखा होती, क्रमांक नऊ. मित्सुई तिचे अध्यक्ष. 1931 साली ते सहकाऱ्यांसह प्रांताच्या विधिमंडळात खटपट करायला गेले. गोऱ्या माजी सैनिकांतून काहींनी त्यांना साथ दिली, हेही नोंदले पाहिजे. एप्रिल 1931 मध्ये ठराव मंजूर झाला, केवळ एका मताने. लढाई संपून बारा वर्षे उलटली होती. मत मिळाले ते हयात असलेल्या ऐंशीच्या आसपास सैनिकांना. त्यांच्या बायकांना नाही, मुलांना नाही.

माझे मत विचाराल तर या विजयातच एक कच्चा दुवा होता. मत हे त्यांना नागरिक म्हणून मिळाले नाही, इनाम म्हणून मिळाले. बोनस हे बक्षीस की मजुरीचा राहिलेला भाग, यावर मुंबईच्या गिरण्यांत 1924 साली मोठा संप झाला होता, तो वाद शब्दांचा नव्हता. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते. पण त्या ऐंशीजणांना दोष देणे मला जमणार नाही. ज्याच्या हाती दुसरे नाणे नाही तो आहे ते नाणे टाकतो, आणि त्यांच्याजवळ होते ते मेलेले सोबती.

7 डिसेंबर 1941 रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. 1942 च्या फेब्रुवारीत कॅनडा सरकारने किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या पट्ट्यातून जपानी वंशाच्या प्रत्येक माणसाला हलवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. सुमारे बावीस हजार माणसे. त्यांतली तीन चतुर्थांश तरी कॅनडाची नागरिक होती. या लोकांपासून धोका नाही, असे लष्करातल्या आणि पोलिसांतल्या जबाबदार अधिकाऱ्यांचे मत होते. एकावरही देशद्रोहाचा गुन्हा शाबीत झाला नाही. कॅनडा जर्मनी आणि इटलीशीही लढत होता, पण त्या वंशाचे लोक असे सरसकट उचलले गेले नाहीत. व्हँकूव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये प्रदर्शनाची जनावरे बांधायच्या गोठ्यांत बायकामुलांना ठेवण्यात आले.

मित्सुईंना नोंदणीसाठी बोलावणे आले. त्या कचेरीत त्यांनी आपली पदके जमिनीवर फेकली आणि यांचा आता काय उपयोग, असे विचारले. त्यांची रवानगी अंतर्भागातल्या ग्रीनवूड या ओस पडलेल्या खाणगावी झाली. स्टॅन्ली पार्कमधला दीप त्याच वर्षी विझवण्यात आला.

जमीन कशी गेली ते पाहण्यासारखे आहे. आधी सांगण्यात आले की मालमत्ता ‘शत्रुसंपत्तीचा रखवालदार’ या सरकारी अधिकाऱ्याकडे विश्वस्त म्हणून राहील, तुम्ही परत याल तेव्हा ती तुमचीच. जानेवारी 1943 मध्ये दुसरा हुकूम निघाला : रखवालदाराने मालकाच्या संमतीवाचून विक्री करावी. घरे, दुकाने, शिवणयंत्रेसुद्धा लिलावात गेली; मासेमारीच्या होड्यांचा निकाल त्याआधीच लागला होता. फ्रेझर खोऱ्यातली सातशेहून अधिक शेते सरकारच्याच एका खात्याने ठोक भावात घेतली. ते खाते होते परतणाऱ्या सैनिकांना जमिनी देणारे. विक्रीच्या पैशांतूनच मालकांच्या छावणीतल्या पोटापाण्याचा खर्च भागवण्यात आला. ज्याला डांबले त्यानेच आपल्या कोठडीचे भाडे आपले घर विकून भरायचे, असा हा न्याय. पहिल्या महायुद्धात लढलेल्या जपानी सैनिकांनाही यातून सूट मिळाली नाही.

1945 साली आणखी एक गंमत झाली. आग्नेय आशियातल्या ब्रिटिश सैन्याला जपानी भाषा जाणणारी माणसे हवी होती. तोवर सैन्यात नको असलेली ही मुले एकदम हवीशी झाली. सुमारे दीडशेजण भरती झाले, काहींची नेमणूक हिंदुस्थानातही झाली. त्यांचे आईबाप अजून छावणीतच होते.

युद्ध संपल्यावरही किनाऱ्यावर परतण्याची बंदी 1 एप्रिल 1949 पर्यंत राहिली. हिंदी आणि चिनी लोकांना प्रांतात मत मिळाले 1947 साली, जपान्यांना 1949 साली. मित्सुई परत पश्चिमेला राहायला गेले नाहीत. ते पूर्वेकडे, ऑन्टॅरिओतल्या हॅमिल्टन शहरी राहिले.

2 ऑगस्ट 1985 रोजी स्टॅन्ली पार्कमधला दीप पुन्हा लावण्यात आला. तो लावायला सत्त्याण्णव वर्षांच्या मित्सुईंना बोलावले होते. पहिल्या महायुद्धातल्या जपानी सैनिकांपैकी शेवटच्या हयात असलेल्यांत ते होते. पदके लावून ते आले. एप्रिल 1987 मध्ये ते वारले. सप्टेंबर 1988 मध्ये पंतप्रधान मल्रोनी यांनी लोकसभेत माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 21,000 डॉलर देण्याचे जाहीर केले. जमिनी परत मिळाल्या नाहीत.